बायफर्केट: अर्थ, उगम आणि गैरसमज

मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गाला भुसावळला दोन फाटे फुटतात. एक खंडवा-इटारसीमार्गे जबलपूरकडे जातो, दुसरा अकोला-बडनेरामार्गे नागपूरकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने यांपैकी खंडव्यापर्यंतचा मार्ग १८६६ मध्ये आणि नागपूरचा १८६७ मध्ये खुला केला. असे एकाचे दोन फाटे होणे म्हणजे इंग्रजीतले ‘बायफर्केट’ होणे. इंग्रजांच्या घरगुती बोलण्यात हे क्रियापद क्वचितच येते. भारतीय कचेऱ्यांत मात्र ते सर्रास चालते, आणि बरेचदा चुकीचे.

देवनागरीत लिहिले की त्यातला ‘बाय’ बायपासमधल्या ‘बाय’सारखाच दिसतो. प्रत्यक्षात बायपासचा ‘बाय’ जर्मानिक कुळातला असून त्याचा अर्थ ‘बाजूने’. बायफर्केटचा ‘बाय’ लॅटिन ‘बि’, म्हणजे दोन. संस्कृत ‘द्वि’ त्याचाच सगोत्र. पुढचा ‘फर्क’ही फसवा आहे. मराठीतला ‘फरक’ अरबीतून आला. त्याचा येथे काहीही संबंध नाही. हा लॅटिन ‘फुर्का’, म्हणजे गवत उचलण्याचा दोन दात्यांचा काटा. रोममध्ये याच नावाचे बेचक्यासारखे लाकूड गुलामाच्या मानेवर शिक्षा म्हणून ठेवत, आणि ते वाहणारा तो ‘फुर्किफेर’ ही चक्क शिवी झाली. जेवणाच्या टेबलावरचा फोर्क याच फुर्कापासून आला. मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘बिफुर्कातुस’वरून सतराव्या शतकात इंग्रजीला हे क्रियापद मिळाले.

‘पगाराचे बायफर्केशन द्या’ असे म्हणताना मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असा सगळा तपशील हवा असतो. तेथे ‘ब्रेकअप’ किंवा सरळ ‘तपशील’ म्हणावे. बायफर्केशनचे भाग दोनच. तीन झाले तर ट्रायफर्केशन.

खानदेशाचे आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत, म्हणून त्याचे ट्रायफर्केशन झाले असे वाटू शकते. पण १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोनच जिल्हे केले गेले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे बायफर्केशन दोनदा घडले.

दोन भाग समसमान असावे लागतात, हीही समजूत चुकीची आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर प्रदेश आला, गुजरातच्या वाट्याला सुमारे १.९६ लाख. तरी ते बायफर्केशनच.

राहिला ‘जंक्शन’शी होणारा घोळ. जंक्शन लॅटिन ‘युंगेरे’पासून, म्हणजे जोडणे, संस्कृत ‘युज्’ याच गोत्रातला. स्थानक एकच असले तरी शब्द दिशेवर ठरतो. मुंबईकडून पाहता भुसावळला मार्ग बायफर्केट होतो. नागपूरहून येणाऱ्या गाडीसाठी तेथे दोन मार्ग एकत्र येतात, आणि त्याला बायफर्केट म्हणता येत नाही.