इंजिनाचा भाता काढला तर?

चुलीतला जाळ मंदावला की फुंकणीने दोन फुंका मारायच्या, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. लाकडे तेवढीच असतात, पण हवा मिळताच जाळ भडकतो. लोहाराचा भाता हेच काम जोराने करतो. तरीही "इंजिन कशावर चालते?" असे वर्गात विचारले, तर "पेट्रोलवर" हेच उत्तर येते. उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनात जास्तीचे पेट्रोल ओतणे सोपे असते. अवघड असते ती हवा कोंबणे.

हवा कोंबणाऱ्या यंत्राला सुपरचार्जर म्हणतात. तो इंजिनाच्याच ताकदीवर, बहुधा पट्ट्याने, फिरतो आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतो. वेगवान मोटारबोटींच्या काही इंजिनांवर तो असतो. तो झिजला, दुरुस्ती महाग पडू लागली, की मालकाला वाटते, हे लचांड काढूनच टाकावे. बोल्ट सोडवले, पट्टा उतरवला, भोके बंद केली, की झाले! खरेच तेवढ्याने भागते का? थोडे गणित करून पाहू.

मर्क्युरी मरीन या अमेरिकी कंपनीने २००४ मध्ये 'व्हेराडो' हे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन आणले. ते सहा सिलिंडरचे, २.६ लिटरचे आणि सुपरचार्जर बसवलेले होते. पुढे त्याचा ३०० अश्वशक्तीचा प्रकारही निघाला. आता समजा, त्याचा सुपरचार्जर काढला. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. मिनिटाला ६००० फेरे झाले, तर ३००० वेळा २.६ लिटर, म्हणजे ७८०० लिटर हवा आत जाईल. समुद्रसपाटीला लिटरभर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. म्हणजे ही हवा झाली ९.४ किलो. तिच्यात जेमतेम ०.६४ किलो पेट्रोल जळेल. किलोला ४४ मेगाज्यूल धरले, तर मिनिटाला २८ मेगाज्यूल उष्णता, म्हणजे सुमारे ४७० किलोवॉट. त्यातली ३० टक्के ऊर्जा दांड्यावर मिळाली असे धरू. उरतात १४० किलोवॉट, म्हणजे १९० अश्वशक्ती. हा ढोबळ हिशेब आहे, पण ३०० अश्वशक्तीसाठी सुमारे १.६ पट हवा लागते आणि ती जादा हवा सुपरचार्जरच देतो, हे त्यातून स्पष्ट होते.

मग बोटीला १९० अश्वशक्ती तरी मिळेल? नाही. इथे पाण्यातला पंखा आडवा येतो. पंखा फिरवायला लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क, साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जुना पंखा ३०० अश्वशक्तीच्या पिळासाठी निवडलेला आहे. आता पीळ ०.६३ पट उरला. म्हणून फेरे ०.६३ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ०.८ पट होतील. ६००० फेऱ्यांऐवजी इंजिन ४८०० वरच अडकेल. फेरे कमी म्हणून हवा आणखी कमी, आणि हाती येणारी शक्ती फक्त १५० अश्वशक्ती. म्हणजे निम्मी! शिवाय इंजिन सतत दमून चालेल, वरच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या एसटीसारखे. म्हणून कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात मळसूत्रासारखे कमी अंतर कापणारा, पंखा लावावा लागतो. तेव्हा कुठे फेरे ६००० च्या जवळ येतात.

दुसरी अडचण सिलिंडरच्या आत आहे. सुपरचार्जरमधून येणारी हवा आधीच दाबलेली आणि तापलेली असते. दट्ट्याने ती आणखी फार दाबली, तर मिश्रण भलत्या वेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून अशा इंजिनांचे संपीडन गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवतात. ते ८ असेल, तर सैद्धांतिक कार्यक्षमता ५६ टक्के येते आणि १० असेल, तर ६० टक्के. (प्रत्यक्षात दोन्ही बऱ्याच कमी असतात.) सुपरचार्जर काढला, तरी हे गुणोत्तर जुनेच राहते. तोट्यातला हा भाग भरून काढायचा, तर दट्टे किंवा सिलिंडरचे डोके बदलावे लागते.

तिसरी अडचण इंधनाची. जादा हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडणारी योजना तशीच राहिली, तर मिश्रण गडद होते. काळा धूर येतो, स्पार्क प्लग काजळतात आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. कार्ब्युरेटर असेल, तर त्याची जेट बदलावी लागते. संगणक असेल, तर त्यातली कोष्टके.

चौथी गोष्ट तर जिवावरची आहे. बोटीच्या पोटात बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या तोंडावर धातूचा ज्वालारोधक असतो. इंजिनातली ज्योत कधी उलटी फिरली, तर त्याच्या अरुंद फटींतून जाताना तिची उष्णता धातू शोषून घेतो आणि ती विझते. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी केलेल्या दिव्याचे तत्त्व हेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. सुपरचार्जर काढताना हवेची वाट बदलली आणि ज्वालारोधक लावायचा राहिला, तर एका ठिणगीने बोट पेटू शकते.

याचा अर्थ सुपरचार्जर काढूच नये असा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हजार अश्वशक्तीच्या वरचे, २७ लिटरचे 'मर्लिन' विमान इंजिन रणगाड्यासाठी घेतले आणि त्याचा सुपरचार्जर काढला. शक्ती सुमारे ६०० अश्वशक्तीवर आली. पण रणगाड्याला तेवढी पुरेशी होती आणि हलक्या प्रतीचे पेट्रोलही चालू लागले. याच 'मीटिऑर' इंजिनाची सुधारलेली आवृत्ती पुढे सेंच्युरियन रणगाड्यात बसली. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्स सेंच्युरियन घेऊनच लढली. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन पाहायला मिळतो. सहल तिकडे गेली, तर मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि व्हेराडो? २०१८ मध्ये त्याच कंपनीने ३०० अश्वशक्तीचे नवे व्हेराडो सुपरचार्जरशिवाय आणले. मात्र जुन्या इंजिनाचा नुसता सुपरचार्जर काढून नव्हे. त्यांनी आठ सिलिंडरचे, ४.६ लिटरचे वेगळेच इंजिन घडवले. वरचाच हिशेब या आकड्याने मुलांकडून करून घ्या. उत्तर ३३५ अश्वशक्तीच्या आसपास येईल. भाता काढायचा, तर भट्टी मोठी हवी, हे मग त्यांना आपोआप उमगेल.

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न. हीच सुपरचार्जर नसलेली बोट समुद्रावरून उंच डोंगरातल्या तलावावर नेली, तर तिचा वेग वाढेल की घटेल? उत्तर लगेच सांगू नका. आधी हवेच्या घनतेवर बोलणे होऊ द्या.