उजवा हात भिंतीला!

भूलभुलैयात शिरलेल्या माणसाने बाहेर कसे पडावे? हा प्रश्न वर्गात विचारला, की एखादा विद्यार्थी हमखास सांगतो, "उजवा हात भिंतीला टेकवायचा आणि तो न उचलता चालत राहायचे." उत्तर ठीक आहे. पण लगेच पुढचा प्रश्न विचारावा : "हे नेहमीच जमेल कशावरून?" इथे वर्ग बहुधा गप्प होतो. रोबो-स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना खरा उपयोगी पडतो तो हाच दुसरा प्रश्न. कसा, ते पाहू.

१९७७ साली अमेरिकेतील 'आयईईई स्पेक्ट्रम' या मासिकाने एक स्पर्धा जाहीर केली. भूलभुलैयातून स्वतःच वाट शोधणारा यांत्रिक उंदीर, म्हणजे चाकांवर धावणारा छोटा रोबो, तयार करायचा होता. अंतिम फेरी १९७९ मध्ये न्यूयॉर्कला झाली. वाट लक्षात ठेवणारे 'हुशार' उंदीर तिथे होते. पण त्यांच्यापेक्षा वेगवान ठरला तो भिंत धरून नुसता पळणारा उंदीर! पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, लंडनला युरोपातील स्पर्धा भरली. तिचे संयोजक जॉन बिलिंग्स्ली यांनी छोटासाच बदल केला. उंदराने बाहेर पडायचे नाही, तर मध्यभागी पोचायचे. एवढ्यानेच भिंत धरून पळण्याची युक्ती निकामी झाली. असे का व्हावे?

समजा, आत शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे अशी दोन्ही दारे बाहेरच्या भिंतीत आहेत. या दोन दारांमुळे बाहेरच्या भिंतीचे दोन तुकडे होतात. आत शिरताना आपला उजवा हात ज्या तुकड्यावर टेकतो, त्याचे दुसरे टोक बाहेरच्या दारापाशीच असते. त्या तुकड्याला आत कितीही फाटे फुटलेले असोत. हात प्रत्येक फाट्याच्या टोकाला वळसा घालून परत येतो आणि पुढे सरकतो. हे दोन तुकडे आतून एकमेकांना जोडलेले असतील, तर मुळात वाटच नाही! म्हणजे वाट असेल, तर नियम यशस्वी होणारच.

आता मध्यभागाकडे जाऊ. मधल्या घराभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीला कोठेच जोडलेल्या नाहीत, असे समजा. तळ्यातल्या बेटासारख्या त्या सुट्या आहेत. तळ्याच्या काठाकाठाने चालणारा माणूस बेटावर कधीच पोचत नाही. आपला उंदीरही तसाच फिरून निघाल्या जागी परत येतो.

मग काय करावे? फळ्यावर ५ × ५ घरे आखा. मधल्या घरात ० लिहा. त्याच्या शेजारच्या घरांत १, त्यांच्या शेजारी २, असे लिहीत जा. तिरके शेजारी धरायचे नाहीत.

४ ३ २ ३ ४
३ २ १ २ ३
२ १ ० १ २
३ २ १ २ ३
४ ३ २ ३ ४

भिंती अजून माहीत नाहीत, म्हणून त्या नाहीतच असे धरले आहे. उंदराने नेहमी लहान आकड्याच्या घरात जायचे. समजा, तो खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या ४ वरून उजवीकडच्या ३ वर गेला आणि तिथे त्याला समोर व बाजूला भिंत आढळली. आता या घरातून फक्त ४ कडेच जाता येते. घराचा आकडा म्हणजे जिथे जाता येते अशा शेजाऱ्यांतील सर्वांत लहान आकडा अधिक १. म्हणून ३ पुसून तिथे ५ लिहायचे. उंदीर ४ वर परतला, की त्याला उजवीकडे ५ आणि वरच्या बाजूला ३ दिसतो. तो वर जातो. एका घराचा आकडा बदलल्यामुळे शेजाऱ्यांचे आकडे चुकत असतील, तर तेही याच नियमाने बदलावेत.

स्पर्धेतील नेहमीच्या १६ × १६ घरांच्या भूलभुलैयात रोबो हीच रीत वापरू शकतो. वर्गात मात्र रोबोची गरज नाही. एका विद्यार्थ्याकडे भिंतींचा नकाशा द्यावा. दुसऱ्याने फक्त आकड्यांचा कागद घेऊन 'रोबो' व्हावे आणि प्रत्येक पावलाला विचारावे, "इथे भिंत आहे का?" संगणकाला द्यायच्या सूचना मुले अशा खेळातच नेमक्या शब्दांत मांडू लागतात. स्पर्धेच्या दिवशी रोबो अडला, तर चूक चाकात आहे की नियमात, हेही त्यांना ओळखता येते.

शेवटी एक कोडे विद्यार्थ्यांसाठी. आपल्या २५ घरांच्या चौकटीत भिंती अशा घातल्या आहेत, की मध्यभागी जायला वाटच नाही. उंदीर आकडे बदलत राहील आणि ते वाढतच जातील. कोणता आकडा दिसताच त्याने "वाट नाही" असे ठामपणे म्हणावे? सूचना : सर्वांत जवळच्या वाटेवर कोणतेही घर दोनदा येत नाही. म्हणून २५ घरांत जास्तीत जास्त पावले किती, ते आधी काढा.