सुमित्रा भावे : आजारी मनाच्या शेजारी

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. याच जिल्ह्यात गावोगाव देवराया आहेत आणि मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२मध्ये कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. आजारी मन, देवराई, कासव हे सगळं सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांत आहे. त्यामुळे रत्नागिरीकराला त्या जवळच्या वाटतात.

भावे (१९४३–२०२१) पुण्याच्या. चित्रपटाचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. समाजकार्य शिकल्या आणि शिकवलंही. वस्तीतल्या बायकांचं जगणं त्याच बायकांपर्यंत पोचवायला लेखी अहवाल कामाचा नव्हता, म्हणून १९८५मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांच्या साथीनं ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’ आले. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची सवय मात्र कार्यकर्तीचीच राहिली.

‘देवराई’त (२००४) ती सवय सर्वांत जास्त कामी आली. अतुल कुलकर्णीच्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे आणि गावच्या राईनं त्याला झपाटलेलं आहे. आपल्या पडद्यावर वेडा माणूस यायचा तो हसवायला नाहीतर घाबरवायला. भावेंनी त्याला बहिणीच्या घरात आणलं. तिची माया, तिचा वैताग, घरच्यांची ओढाताण हे सगळं त्यांनी दाखवलं. आजार एकट्या शेषचा राहत नाही.

‘कासव’ला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. जीव द्यायला निघालेल्या मुलाला जानकी समुद्राकाठी आसरा देते. नैराश्य तिनं स्वतः भोगलंय, म्हणून ती खोदून विचारत नाही. त्याला वेळ देते, माणसांत राहू देते. समुद्र पाहिला की मन बरं होतं, असला भाबडेपणा चित्रपटात नाही. मला तो ‘देवराई’हून सरस वाटतो.

त्यांची पात्रं कधीकधी मुद्दा फार समजावून सांगतात, हे खरं. ‘दिठी’त मात्र शब्द गळून पडले. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, एकटीनं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट भावेंच्या निधनानंतर साधारण महिन्याभरानं प्रदर्शित झाला. पोटचा मुलगा गमावलेला रामजी लोहार अडलेल्या गाईला सोडवायला जातो. रामजी झालेल्या किशोर कदम यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

रत्नागिरीत ‘देवराई’ आणि ‘कासव’ एकाच दिवशी दाखवावेत. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी प्रेक्षकांशी बोलावं आणि रुग्णांच्या घरच्यांना पुढच्या रांगेत बसवावं.