शाळेने मुलाकडे जावे : झरी ते कोसबाड

बहुजनांच्या शिक्षणाच्या इतिहासात १९४५ हे वर्ष आम्ही मोलाचे मानतो. त्या वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळील झरी गावी सुमारे पाच हजार वारली बांधव जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार नाकारण्याचा त्यांनी निर्धार केला. जुलैमध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. वर्षाअखेर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

तिघांचे मार्ग भिन्न होते. परंतु कार्य परस्परपूरक होते. लग्नाच्या कर्जापोटी जन्मभर जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या लग्नगड्याचे मूल शाळेत कसे येणार? आणि सुटका झालेल्यास कागद वाचता आला नाही, तर ती सुटका टिकणार कशी?

केंद्र पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळाच कुरणात नेली गेली, तीच कुरणशाळा. पाड्यातील अंगणात अंगणवाडी भरली. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने आली. मूल शाळेत येत नसेल, तर दोष मुलाचा न मानता शाळेची रचना बदलावी, हे या प्रयोगाचे सूत्र होय.

हे सूत्र माध्यमिक शाळेसही लागू पडते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. तेथे गरिबांची मुले वसतिगृहात राहून, श्रम करून शिकली. शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, हे बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात दाखवून दिले होते. आज गळतीची पायरी वर सरकली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीची शाळा दूर असेल, तर पाड्यावरची मुलगी तेथेच थांबते.

म्हणून पाड्यांजवळचे लहान, सार्वजनिक हायस्कूल आवश्यक आहे. पटसंख्या कमी असल्याने शिक्षक प्रत्येक मुलास ओळखतो. वारली बोलीवरून प्रमाण मराठीकडे, शेतातील मोजमापावरून भूमितीकडे नेता येते. मात्र लहान म्हणजे दुय्यम नव्हे. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि गणित-विज्ञानाचे शिक्षक तेथे हवेतच. अन्यथा पर्यायी शाळेच्या नावाने गरिबांना कमी प्रतीचे शिक्षण मिळेल. तेथे जागा नसलेल्यांसाठी आमच्यासारखी निवासी शाळा आहेच.

झरीने श्रमाचे दास्य नाकारले. अज्ञानाचे दास्य संपविणे हे शाळांचे कर्तव्य आहे. ‘शिका’ या आदेशात शिकविणाऱ्यांची जबाबदारीही सामावलेली आहे, असे आम्ही मानतो.