टाक : कादंबरीतून पटावर आलेला खेळ

खेळ आधी आणि त्याच्या गोष्टी नंतर, असा आपला अनुभव. 'टाक'चे मात्र उलटे झाले. अमेरिकन लेखक पॅट्रिक रॉथफस यांच्या 'द वाइज मॅन्स फिअर' (२०११) या कादंबरीत ब्रेडन नावाचे वयस्क गृहस्थ तरुण क्वोथबरोबर टाक खेळतात. त्या काल्पनिक जगातला हा जुना खेळ. पण पुस्तकात त्याचे पुरते नियम नाहीत. ते पुढे जेम्स अर्नेस्ट यांनी रॉथफस यांच्यासह बसवले आणि २०१६ मध्ये लोकवर्गणीतून खेळ छापण्यासाठी पैसा उभा राहिला.

पट ५×५ घरांचा घ्या. प्रत्येकाकडे २१ दगड व एक मुकुटशिळा (हे नाव आम्ही दिलेले). पट सुरुवातीला रिकामा. समोरासमोरच्या दोन कडा जोडणारा सलग रस्ता जो आधी बांधेल तो जिंकला. तिरकी घरे जोडलेली धरत नाहीत. पहिल्या खेळीत प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याचा दगड ठेवायचा, ही एक गंमतच! पुढे दर खेळीला नवा दगड ठेवा, नाहीतर पटावरचा हलवा.

आडवा दगड म्हणजे रस्ता, उभा दगड म्हणजे भिंत. आडव्या दगडावर कोणाचाही दगड चढतो आणि चळत होते. वरचा दगड ज्याचा, त्याची चळत. तिच्यातले पाचपर्यंत दगड उचलून सरळ रेषेत चालायचे, वाटेतल्या प्रत्येक घरात निदान एक सोडायचा. त्यामुळे हरत आलेला डाव एका खेळीत फिरतो. भिंतीवर काही चढत नाही. फक्त एकटी मुकुटशिळा तिला आडवी पाडते. मुकुटशिळा स्वतः रस्त्यातही धरली जाते.

खरी गोम भिंतीत आहे. ती दुसऱ्याला अडवते, पण आपल्या रस्त्यात धरत नाहीत. पट भरला किंवा कोणाचे दगड संपले, तर वर दिसणारे आडवे दगड मोजतात. तिथेही भिंतीला शून्य. ब्रेडनना जिंकण्यापेक्षा सुंदर डावाची ओढ आहे. नुसती अडवाअडवी करणाऱ्याच्या हाती काही लागू नये, हे अर्नेस्ट यांनी उपदेश न करता नियमातच बसवले. आम्हाला हे फार आवडले.

सुताराकडून दोन रंगांच्या लाकडाच्या, उभ्या राहतील अशा जाड चकत्या मागून घ्या. मुकुटशिळेला बुद्धिबळातला उंट चालेल. पट खडूने फरशीवर आखा.