गुत्तेदार बंधूंनो, कंपनी काढण्याआधी हिशेबाची फी विचारा

मागच्या महिन्यात एके दुपारी ओळखीचा एक तरुण गुत्तेदार दुकानात येऊन बसला. वडील गवंडी होते. हा नाल्या, कंपाउंड भिंती, शाळाखोल्या अशी कामे घेतो. कोणीतरी सांगितले, "कंपनी काढ, मोठी कामे मिळतील." याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. बोर्ड लागला, शिक्के तयार झाले. पुढे एक बिल अडकले, काम थांबले, हिशेबनिसाची फी थकली आणि त्याने कागद भरणे सोडून दिले. आता नोटीस आली आहे. "चाचा, वर्षभर एक रुपयाचे काम झाले नाही, मग पैसे कशाचे भरायचे?" असे तो विचारीत होता.

प्रश्न रास्त होता, पण उत्तर कडू होते. कंपनीला काम असो वा नसो, दरवर्षी सी.ए.कडून ऑडिट करून घ्यावेच लागते. ताळेबंदाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक असे दोन फॉर्म कंपनी निबंधकाकडे जातात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये लागतात आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्म ३६५ दिवस राहिले तर ७३,००० रुपये होतात. सलग तीन वर्षे भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये देशभर तीन लाखांहून अधिक संचालक असे अपात्र ठरवले गेले.

या बाबतीत आम्ही कापडवालेही शहाणे नव्हतो. कापडावर विक्रीकराचा त्रास फारसा नव्हता, म्हणून वही आणि मुनीम एवढ्यावर दुकान चालत असे. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला आणि हिशेबाची फी हा दुकानभाड्यासारखा कायमचा खर्च झाला. पहिल्या वर्षी मी फी न ठरवताच कागद देऊन टाकले आणि वर्षअखेरीस आकडा ऐकून गप्प बसलो. चूक माझीच होती, कारण मी विचारलेच नव्हते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्हा परिषद आली, बांधकामाची कार्यालये आली, कामांची बिले येथेच निघू लागली. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील आपल्या मिस्त्री, सेंट्रिंगवाले, प्लंबर आणि वेल्डर मंडळींची मुले गुत्तेदार झाली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कामाचा अंदाज इंचाइंचाने काढणारा माणूस हिशेबाच्या खर्चाचा अंदाज काढीत नाही, तिथे तो फसतो.

फी कशावर ठरते ते आधी समजून घ्यावे. नुसत्या उलाढालीवर ती ठरत नाही. कायद्याने किती कागद भरायचे, यावर ती जास्त ठरते. एकट्याच्या नावावर किंवा साध्या भागीदारीत धंदा असेल तर आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. उलाढाल दोन कोटींपर्यंत (रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत) असली तर बँकेतून आलेल्या रकमेच्या सहा टक्के आणि रोख रकमेच्या आठ टक्के उत्पन्न दाखवता येते. मग आयकराचे ऑडिट लागत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, ही सोय ठेवली. कंपनीला आणि एल.एल.पी.ला मात्र ती नाही.

उदाहरण घ्या. समजा एका माणसाने वर्षात १५ लाखांची कामे केली आणि सगळे पैसे बँकेतून आले. बिलातून एक टक्का, म्हणजे १५,००० रुपये टी.डी.एस. कापला गेला. सहा टक्क्यांनी उत्पन्न ९०,००० होते. दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्य, आणि रिटर्न भरल्यावर १५,००० परत मिळतात. तेच काम कंपनीच्या नावावर असते तर दोन टक्के कापले असते, शिवाय ऑडिट आणि निबंधकाचे फॉर्म वेगळे. मोठे काम घ्यायचे असेल, बाहेरचे भांडवल आणायचे असेल, घरावर जोखीम येऊ द्यायची नसेल, तर कंपनी जरूर काढावी. केवळ बोर्डासाठी काढू नये.

आता फी कशी ठरवावी? सी.ए.च्या संस्थेने किमान फीचे पत्रक काढलेले आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून समोर बसून कामांची यादी करावी: जी.एस.टी.चे रिटर्न, आयकराचे रिटर्न, ऑडिट, टेंडरसाठी उलाढालीचा दाखला, नोटिशीचे उत्तर. प्रत्येकाची फी वेगळी लिहून घ्यावी. वरून १८ टक्के जी.एस.टी. आहे का, तेही विचारावे. तुमची नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळते. ऑडिट सी.ए.नेच करावे लागते, पण रोजच्या नोंदी आणि साधी रिटर्ने चांगला कर सल्लागारही करतो.

"रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या," असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. नफ्याच्या टक्क्यावर किंवा निकालावर अवलंबून फी घेण्यास १९४९ च्या कायद्याने सी.ए.ला साधारणपणे मनाई आहे. सी.ए.च्या दाखल्यावर यू.डी.आय.एन. क्रमांक असतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खोटा दाखला टेंडरसोबत तुम्हालाही बुडवतो.

सर्व पोर्टलवर मोबाइल क्रमांक स्वतःचा ठेवा. पासवर्ड आणि डिजिटल सही आपल्याजवळ ठेवा. सरकारी काम अडीच लाखांपुढचे असेल तर जी.एस.टी.पोटी दोन टक्के कापतात. ती रक्कम पोर्टलवर जमा दिसते का, ते दर तिमाहीला पाहा. बिल अडकले तरी रिटर्न अडकवू नका. रिटर्ने सलग चुकली तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि मग अडकलेले बिल सोडवणेही अवघड होते. हात तंग असेल तर हिशेबनिसाला तोंडावर सांगा आणि हप्ता ठरवा. तोही आपल्यासारखाच मेहनतीचे खातो.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, "बेटा, आधी राहिलेले फॉर्म भर, मग कंपनी बंद करण्याचा अर्ज कर." त्या अर्जालाही १०,००० रुपये फी आहे. तो उठताना म्हणाला, "काढताना हे कोणी सांगितले नाही." म्हणून हे लिहिले.