धक्क्याचा धक्का कोण सोसणार?
होडीला दोराची गादी किती जाड हवी, याचा सोपा हिशेब

खाडीकाठच्या किंवा धरणाकाठच्या घराला होडी म्हणजे दारातली बैलगाडीच. कोकणात खाडीपलीकडच्या शेतातले भारे होडीतूनच येतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा-बामणोलीकडे पलीकडचे गाव गाठायचे तर लाँच किंवा होडी लागते.

जुवाखाली बैलाचा खांदा सोलवटला तर आपला जीव कळवळतो. होडीचे अंग सोलवटते तिकडे मात्र लक्ष जात नाही. बांधलेली होडी रात्रभर धक्क्याच्या दगडावर घासत असते. आधी रंग जातो, मग फळी झिजते, सांध्यातला कापूस सुटतो आणि पाणी आत येऊ लागते. फळी बदलण्याच्या खर्चापुढे दोराच्या चार गाद्या काहीच नाहीत. या गाद्यांनाच बोटवाले फेंडर म्हणतात.

टायर की दोर?

जुना टायर स्वस्त पडतो, हे खरे. पण तो होडीवर काळे डाग पाडतो, त्यात पाणी साचून डास होतात आणि झिजल्यावर आतली तार फळीला ओरखडे काढते. टायरच वापरायचा तर तळाला भोक पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही.

दोराची गादी घरी करता येते. त्यासाठी नारळाच्या काथ्याचा सुंभ उत्तम. तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि सुटून पडला तर तरंगतो. तागाची दोरी ओलीत कुजते, ती नको. प्लॅस्टिकचा दोर कुजत नाही, पण सतत उन्हात राहिला की ठिसूळ होतो.

माप कसे काढावे?

होडीच्या लांबीच्या दर ४ फुटांमागे १ इंच जाडी धरावी. म्हणजे १६ फुटी होडीला ४ इंच, २० फुटी होडीला ५ इंच आणि २४ फुटी होडीला ६ इंच. होडीत भारे किंवा माणसे भरपूर भरत असाल, किंवा जागा लाटांची असेल, तर एक इंच वाढवा. लांबी जाडीच्या तिप्पट ठेवावी. ४ इंची गादी १२ इंच लांब, ६ इंची १८ इंच.

जाडी मोजायला सुतळी गादीभोवती गुंडाळा आणि येईल त्या मापाला तीनने भागा. घेर १५ इंच भरला तर गादी सुमारे ५ इंच जाड आहे.

फार बारीक गादी चेपून जाते आणि लाकूड दगडाला लागतेच. फार जाड गादी ओली झाली की जड होते, आणि उचलायचा कंटाळा आला की ती घरीच राहते!

कशी करावी, कुठे बांधावी?

जुन्या दोराच्या घड्या घालून गाभा करा. तो हव्या त्या जाडीपेक्षा इंचभर बारीक ठेवा. वरच्या टोकाला टांगायचा फास आधीच काढून घ्या. मग गाभा बारीक दोरीने आवळा आणि त्यावर सुंभाचे वेढे अर्ध्या गाठी मारीत घट्ट विणा. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. हे काम तेव्हाच उरकावे.

एका बाजूला निदान तीन गाद्या हव्यात. एक होडी सर्वांत रुंद असते तिथे, एक पुढे, एक मागे. गादी काठाच्या खाली आणि पाण्याच्या वर राहील अशी टांगा. धक्क्याऐवजी लाकडी खुंट असेल तर उभी गादी बाजूला सरकते. तिथे ती दोन्ही टोकांनी आडवी बांधा.

खाडीत भरती-ओहोटीबरोबर होडी वरखाली होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर फारच. होडीचा दोर तेवढा सैल ठेवा, नाहीतर ओहोटीला होडी टांगली जाईल. गादी मात्र धक्क्याला न बांधता होडीलाच बांधा, म्हणजे ती होडीबरोबर वरखाली होईल.

होडी सुटली की गाद्या आत घ्या. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांत बंद दारांचे हौद असतात. त्यांची रुंदी जेमतेम ७ फूट. तिथे गादी बाहेर राहिली तर होडी अडकून बसते, म्हणून तिथले नावाडी गाद्या आधी वर ओढतात.

निगा आणि एक इशारा

सुंभात वाळू शिरली की तीच गादी फळीला कानशीसारखी घासते. म्हणून अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. टांगायची दोरी झिजली की लगेच बदला.

शेवटी महत्त्वाचे. होडी धक्क्याला लागताना ती थोपवायला मध्ये हात किंवा पाय घालू नका. भरलेल्या होडीचा जोर माणसाला आवरत नाही, बोटे चिरडतात. मुलांना हे बजावून सांगा. फळी नवी बसवता येते, बोट नाही.